विद्यापीठाचें दार आणि राजकारण

विद्येच्या मंदिरांत राजकारण शिरूं देऊं नये, असें सुशिक्षित मंडळींच्या तोंडून आपण नेहमीं ऐकतों. विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक आली किंवा कुलगुरूंच्या नेमणुकीवरून वाद पेटला, कीं हें वाक्य घरोघर उच्चारलें जातें. ऐकावयास तें गोड आहे. परंतु मराठवाड्याचा इतिहास त्यास साक्ष देत नाहीं. या प्रांतास विद्यापीठ मिळालें तें राजकारणामुळें, आणि त्याचें दार कोणासाठीं किती उघडावें याचा निवाडाहि राजकारणानेंच केला. तेव्हां राजकारण असावें कीं नसावें हा प्रश्न नसून, तें दार उघडणारें असावें कीं अडविणारें, हा खरा प्रश्न आहे.

आमचें तेरखेडा धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यांत, सोलापूर-धुळें हमरस्त्यावर वसलेलें आहे. शोभेच्या दारूच्या कारखान्यांमुळें तें दूरवर माहीत आहे. निजामाच्या अमलांत येथील मुलास संस्थानांतच पदवी घ्यावयाची, तर वाट हैदराबादेस जात असे. १९१७ सालीं मीर उस्मान अली खान यांनीं विद्यापीठाचें फर्मान काढलें व १९१९ पासून उस्मानिया विद्यापीठांत अध्यापन सुरू झालें. ज्यांच्या नांवावरून आमच्या जिल्ह्यास कालपरवांपर्यंत उस्मानाबाद म्हणत, तेच हे निजाम.

न्यायानें बोलावयाचें, तर उस्मानियाचें कार्य लहान नव्हतें. मुंबई विद्यापीठ इंग्रजींतून शिकवीत असतां हैदराबादेस गणित, इतिहास, शास्त्रें हीं देशी भाषेंतून शिकविलीं जाऊं लागलीं; त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडून परिभाषा घडविण्यांत आली. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठांत मातृभाषेचा जो प्रयोग आरंभिला होता, त्यालाच येथें राजाश्रय लाभला असें वाटावें. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि संस्थानांतील बहुसंख्य प्रजा तेलुगु, मराठी व कानडी बोलणारी होती. मराठी मुलाच्या दृष्टीनें एक परकी भाषा जाऊन तिच्या जागीं दुसरी आली, एवढाच काय तो फरक पडला.

या स्थितीस पहिलें उत्तर एका खेड्यानें दिलें. आमच्याच जिल्ह्यांत हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें स्वामी रामानंद तीर्थ म्हणून विख्यात झालेले व्यंकटेश खेडगीकर हे तेथें मुख्याध्यापक होते. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचा पुढारी आमच्या जिल्ह्यानें वर्गांत घडविला, हें विसरतां कामा नये.

दुसरें उत्तर विद्यार्थ्यांनीं दिलें. १९३८ सालीं उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. मुलांनीं ती मानली नाहीं. शेंकडों विद्यार्थी काढून टाकले गेले. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांतहि हें लोण पोहोंचलें. त्या वेळीं नागपूर विद्यापीठानें, कुलगुरू केदार यांच्या कारकीर्दींत, या मुलांना आश्रय दिला, पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकींच एक होत. एका विद्यापीठानें राजकारण करून मुलांना बाहेर घातलें व दुसऱ्यानें राजकारणाचा धोका पत्करून आंत घेतलें. दोहोंना एकाच मापानें मोजणें शहाणपणाचें नव्हे.

१९४८ सालीं निजामी राजवट संपली. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. तेंच आजचें मिलिंद. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें.

आतां अवघड प्रकरण. २७ जुलै १९७८ रोजीं विधिमंडळानें विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला. ‘मराठवाडा’ या शब्दाशीं मुक्तिलढ्याची स्मृति निगडित आहे, असें विरोधकांचें म्हणणें होतें. ती भावना खोटी होती असें मी म्हणत नाहीं. परंतु त्या भावनेच्या नांवाखालीं खेडोपाडीं दलितांचीं घरें जाळलीं गेलीं. नांदेड जिल्ह्यांत पोचिराम कांबळे यांस प्राणास मुकावें लागलें. ज्यांच्या मुलांनीं विद्यापीठाची पायरी नुकतीच चढावयास घेतली होती, त्यांचेंच छप्पर पेटविणें यास अस्मिता म्हणत नाहींत. तें दार अडविण्याचें राजकारण होय. १९७९ सालीं नागपुराहून निघालेला लाँग मार्च आणि त्यानंतरचीं अनेक आंदोलनें, एवढें सर्व होऊन १४ जानेवारी १९९४ रोजीं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. दोन्ही नांवें एका पाटीवर सुखानें नांदतात. हें सोळा वर्षांपूर्वीं सुचलें असतें, तर किती घरें वांचलीं असतीं!

त्याच वर्षीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवानें दुसरें विद्यापीठ झालें. ज्या जिल्ह्यांत स्वामीजींनीं अध्यापन केलें तो मात्र जुन्याच विद्यापीठाकडे राहिला. २००४ सालीं त्याचें उपकेंद्र आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं आलें, आणि तेरखेड्याच्या मुलामुलींची वाट कांहींशी जवळ झाली.

वाट जवळ झाली म्हणून पहारा संपत नाहीं. २०१६ च्या कायद्याप्रमाणें अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला शाळामास्तर. मला त्यांत मत नाहीं. ज्यांना आहे, ते पदवीची गुंडाळी कपाटांत ठेवून नांव नोंदविण्याचा कंटाळा करतात आणि मग गटबाजीच्या नांवानें खडे फोडतात. पदवीधरहो, नांव नोंदवा. मत मागावयास येणाऱ्यास विचारा, कीं तालुक्याच्या महाविद्यालयांत प्राध्यापक आहेत काय, ग्रंथालय उघडें असतें काय, गरिबाच्या मुलीस वसतिगृहांत जागा मिळते काय. राजकारणाचा विटाळ मानून सज्जन घरीं बसले, तर दाराची किल्ली कोणाच्या हातीं जाईल, हें वेगळें सांगावयास नको.