क्रॉफर्ड प्रकरण, मामलेदार आणि वृत्तपत्रे

सरकारी कारभारातील लबाडी आतल्याच माणसाने चव्हाट्यावर आणली म्हणजे आपण त्यास जागल्या म्हणतो. परंतु या जागल्याचे स्वतःचेच हात बरबटलेले असतील, तर वृत्तपत्रांनी त्याचे चित्र कसे रेखाटावे? हा प्रश्न निघाला की आम्हांस १८८८-८९ चे क्रॉफर्ड प्रकरण आठवते.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. तेथील प्रसिद्ध मंडईस त्यांचेच नाव होते. १८८८ साली ते पुण्यास मध्य भागाचे कमिशनर होते. मामलेदारांच्या बढत्या-बदल्यांसाठी हणमंतराव राघवेंद्र या मध्यस्थामार्फत ते पैसे घेतात, असा आरोप झाला व पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांनी तपास आरंभिला. अडचण अशी की, लाच दिल्याचे सांगणारा आपल्याच तोंडाने गुन्हेगार ठरणार! म्हणून गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने, खरे सांगणारांवर खटला होणार नाही व त्यांची नोकरीही जाणार नाही, असे अभयवचन दिले. त्या भरवशावर मामलेदार बोलले. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनने लाचेचा आरोप अमान्य केला; मात्र हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याचे शाबीत झाले आणि क्रॉफर्डसाहेबांची नोकरी गेली.

खरी रणधुमाळी यानंतरची. अँग्लो-इंडियन पत्रांनी आपला रोख साहेबावरून काढून साक्षीदारांकडे वळविला. लाच दिल्याचे कबूल करणारा मनुष्य मॅजिस्ट्रेट म्हणून रयतेचा न्याय कसा करणार, हा त्यांचा सवाल. सवाल खोटा नव्हता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मामलेदारास फौजदारी अधिकार होतेच. पण हीच माणसे गप्प राहती तर त्याच खुर्चीवर सन्मानाने बसून राहती, याचा त्या लेखकांस सोयिस्कर विसर पडला.

‘केसरी’त टिळकांनी निराळी बाजू धरली. त्यांचा भर मामलेदारांच्या सोवळेपणावर नव्हता, तो वचनावर होता: साक्ष पदरात पाडून घेतल्यावर सरकारला शब्द फिरविता येणार नाही. वरिष्ठाने पिळून घेतलेला पैसा व बढतीच्या लोभाने आपण होऊन दिलेला पैसा यांतील भेदही या वादात पुढे आला. आमच्या मते या प्रकरणाचे मर्म याच भेदात आहे. गैरसोयीची बदली टळावी म्हणून पैसे मोजणारा आणि दुसऱ्यास मागे सारून वरची जागा विकत घेणारा हे दोघे एका मापाने मोजता येत नाहीत. तथापि दैनंदिन वादाच्या धुमाळीत एका पक्षास सारे मामलेदार लाचखोर दिसले, तर दुसऱ्यास सारेच गांजलेले. एकेका माणसाची हकीकत वाचण्याइतकी उसंत फारच थोड्यांस होती.

१८८९ च्या सप्टेंबरात पुण्यास मामलेदारांच्या बाजूने जाहीर सभा झाली. विलायतेत पार्लमेंटातही प्रश्न निघाले. त्याच वर्षी साक्षीदारांस खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला, तरी काही मामलेदारांस नोकरीस मुकावे लागलेच. क्रॉफर्डसाहेबांनी पुढे १८९७ मध्ये पुणे व दख्खन येथील आपल्या ‘अडचणीं’वर इंग्रजीत एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले.