धाटाव : परवानाराजनंतरचे परिवर्तन

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील कुंडलिकाकाठचे गाव व महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची रसायनप्रधान वसाहत. साम्यवादोत्तर देशांतील बदलांशी ताडून पाहण्यास हे उदाहरण उपयोगी आहे. बाजार खुला झाला म्हणून शासन नाहीसे होत नाही, त्याचा अधिकार दुसरीकडे सरकतो. तो कुठे सरकला यावर माणसांचे बरेवाईट ठरते.

याचा पुरावा जमिनीत सापडतो. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३पासून खोतांविरुद्ध संप केला, तो सहा वर्षे टिकला. १९३७मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९च्या कायद्याने खोती गेली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारे कूळ कायद्याने मालक ठरू लागले. मात्र १९६१च्या औद्योगिक विकास कायद्याने शासनाला वसाहतींसाठी जमीन संपादित करता आली. भूखंड कारखान्यांना ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतात, मालकी महामंडळाकडेच राहते. जुलै १९९१च्या धोरणाने बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द केला, तरी हा पट्टा तसाच राहिला. शिवाय परवाना कायम ठेवलेल्या १८ उद्योगांत घातक रसायने आणि औषधनिर्मिती होती, म्हणजे धाटावसारख्या वसाहतीचेच उद्योग.

भारत साम्यवादी नव्हता, मग ही तुलना कशाला, असा आक्षेप रास्त आहे. येथे खाजगी मालमत्ता, न्यायालये व निवडणुका होत्याच; म्हणून १९९१ची तुलना रशियातील उलथापालथीशी करता येत नाही. तिथे १९९२मध्ये नागरिकांना खाजगीकरणाची प्रमाणपत्रे वाटली, तरी १९९५च्या समभाग-तारण कर्जांतून मोठे उद्योग मोजक्या हातांत गेले. पोलंड कोकणाला अधिक जवळचा आहे: तेथील बहुतांश शेती साम्यवादी राजवटीतही लहान शेतकऱ्यांकडेच राहिली. कागदोपत्री मालकी वाटणे सोपे असते. ती टिकवायला नोंदी, न्यायालय आणि संघटना लागतात. चरीने संघटना आधी उभारली, कायदा नंतर आला. या क्रमाला मी सर्वाधिक महत्त्व देतो.

पाण्याबाबत तर नियंत्रण सैल होणे परवडणारेच नाही. १९२७मध्ये सुरू झालेल्या भिरा जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या मुळशीच्या पाण्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. कारखाने त्यावर चालतात आणि त्यांचे सांडपाणीही खाडीकडेच जाते. त्यामुळे १९७४चा जलप्रदूषण कायदा आणि वसाहतीचे सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांना उद्योगाच्या वाटेतील अडथळे मानणे चूक आहे. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला आणि मासेमाराला खुल्या बाजारातही तेवढेच संरक्षण उरते.