जलरंगातील चुका कशा सुधाराव्यात?

जलरंगात उजेड असतो तो कागदाच्या पांढरेपणाचा. तो झाकला गेला की तैलरंगाप्रमाणे वरून फिका रंग देऊन चूक लपवता येत नाही. रंग उचलावाच लागतो. ठाण्याचा मासुंदा तलाव किंवा कल्याणचा दुर्गाडी किल्ला रंगवणाऱ्यांना आणि एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षांच्या विद्यार्थ्यांना हे उपाय उपयुक्त ठरतील.

ओला रंग : पिळलेल्या कुंचल्याने किंवा टिपकागदाने अलगद टिपावा, चोळू नये.

वाळलेला रंग : स्वच्छ पाण्याने भिजवून, क्षणभर थांबून टिपावा. अल्ट्रामरीन बराचसा उठतो. थॅलो निळा कागदात मुरतो, पूर्णपणे उठत नाही.

फुललेला डाग : अर्धवट ओल्या रंगात पाण्याचा थेंब पडल्याने होतो. पूर्ण वाळल्यावरच त्याच्या कडा ओल्या कुंचल्याने मऊ कराव्यात.

हरवलेला उजेड : पाण्यावरची बारीक चमक कोरड्या कागदावर ब्लेडने खरवडून किंवा अपारदर्शक पांढऱ्याने आणता येते.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत रंग उशिरा वाळतो. दुसरा थर देण्याची घाई करू नये. पातळ कार्ट्रिज कागद घासल्यास त्याचे तंतू सुटतात. ३०० ग्रॅम वजनाचा सुती कागद दुरुस्ती सोसतो.