रॉसच्या माळरानावरची मशीद

अमेरिकेतल्या मुसलमानांचा विषय निघाला की आपण माल्कम एक्स आणि मुहम्मद अली यांच्यापासून सुरुवात करतो. त्याच्या कितीतरी आधी उत्तर डाकोटा राज्यात, रॉस नावाच्या खेड्याजवळ, मुसलमान शेतकरी गहू पिकवत होते.

हसन आणि मेरी जुमा हे जोडपं त्यांपैकीच. आजच्या लेबनॉनमधल्या बिरे गावचे. तेव्हा तो मुलूख उस्मानी सुलतानाच्या अमलाखाली होता. घोडागाडीवरून फेरीचा माल विकत ते १९०२ मध्ये इथवर आले. होमस्टेड कायद्यानुसार १६० एकर सरकारी जमीन मिळे, मात्र पाच वर्षं तिथंच राहून ती कसावी लागे. मागोमाग गाववालेही आले. इमाम कुणी नव्हता. नमाज कुणाच्या तरी घरी व्हायची, रमजान सरला की एकमेकांकडे जाणं, जेवणावळी. मेरीबाईंनी हे म्हातारपणी, १९३९ मध्ये, सरकारी प्रकल्पातल्या मुलाखतीत सांगितलं म्हणून आज आपल्याला कळतं. नाहीतर शेतकऱ्याच्या बायकोचा इतिहास कोण लिहितो?

१९२९ मध्ये या लोकांनी मशीद बांधली. घुमट नाही, मिनार नाही. अर्धी जमिनीत गेलेली सिमेंटची साधी खोली. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पाठोपाठ दुष्काळाची वर्षं आली आणि अनेक कुटुंबं शेती सोडून शहरांकडे गेली. उरलेल्यांची मुलं शाळेत इंग्रजी शिकली, अरबी मागं पडली, शेजारच्या ख्रिस्ती घरांत सोयरिकी झाल्या.

‘त्यांनी दीन सोडला’, असा शेरा मारणं सोपं आहे. मला तो पटत नाही. जमात टिकायला आधी माणसं टिकावी लागतात, आणि माणसं टिकायला पीक. आयोवातल्या सीडर रॅपिड्स शहरात १९३४ मध्ये बांधलेली मशीद आजही उभी आहे; तिथल्या मुसलमानांचा आधार दुकानदारी होता, पावसावरची शेती नव्हे.

रॉसची मशीद ओस पडली आणि १९७० च्या दशकाअखेरीस पाडली गेली. २००५ मध्ये वंशजांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी त्याच जागी छोटीशी नवी मशीद उभारली. तिला घुमट आहे. रोजची जमात तिथं भरत नाही. शेजारच्या कब्रस्तानात मात्र, पहिल्या पिढीच्या कबरींजवळ, त्यांच्या मुलानातवंडांनाही दफन केलं गेलं.