गवत की झाड? : ‘वृक्षमित्र’ आणि मेंढा (लेखा)

महाराष्ट्राच्या वनविभागाचे मुख्यालय नागपुरात आहे. विदर्भातील जंगलांचा कागदोपत्री इतिहास लिहायचा तर तो तेथून सुरू होईल. मात्र गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात याच इतिहासाची एक वेगळी बाजू घडली. ‘वृक्षमित्र’ ही छोटी संस्था तिची साक्षीदार होती आणि काही अंशी सहकारीही.

१९८४ च्या सुमारास गोदावरीवरील इंचमपल्ली व इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्याच्या अग्रभागी होते. जंगल आणि माणूस यांना एकाच घोषणेत आणणारे हे आंदोलन ‘वृक्षमित्र’च्या कार्याची पार्श्वभूमी ठरले. जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेले आणि विनोबांच्या विचाराने प्रभावित झालेले मोहन हिराबाई हिरालाल हे संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते. जंगल राखण्यात लोकांचा सहभाग कसा असतो, हे समजून घेण्यासाठी त्या दशकाच्या उत्तरार्धात ते मेंढ्यात आले.

ते नेतृत्व करायला आले नव्हते, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. गावात अभ्यासगट सुरू झाला. त्यात बाहेरच्यांनी यावे, माहिती द्यावी, वादही घालावा. पण निर्णय तेथे होत नसे. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबे. ही पद्धत संथ आहे, परंतु पराभूत अल्पमत मागे न ठेवणारी आहे. याच काळात गावाने बांधलेला गोटुल वनखात्याने पाडला, तेव्हा परिसरातील गावांनी आपापले गोटुल उभारून उत्तर दिले. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा अशा अनुभवांतून अर्थपूर्ण झाली.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच वर्षी सामुदायिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लोक स्वतः नियम करून सामायिक संपत्ती टिकवू शकतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवले होते. मेंढ्यात ते रोजच्या व्यवहारात चालले होते.

हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत बांबू ‘झाड’ होता. नव्या कायद्यात तो ‘गौण वनउपज’ होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तर तो गवतच. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबावे. एका शब्दाच्या व्याख्येवर गावाची मजुरी, मालकी आणि आत्मसन्मान अवलंबून होता. वाहतूक परवाना वनखाते देईना आणि परवान्याशिवाय माल हलेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवाना-पुस्तिका देवाजी तोफा यांच्या हाती दिली. त्यानंतर बांबूचा लिलाव ग्रामसभेने स्वतः केला. २०१३ मध्ये तर गावाने ग्रामदानाचा मार्ग पत्करून शेतजमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या.

मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात हा प्रवास मांडला आहे. कादंबरीकाराने एका ग्रामसभेचे चरित्र लिहावे, हे आपल्या साहित्याच्या अभ्यासक्रमात दखल घेण्याजोगे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये मोहनभाईंचे निधन झाले. ‘वृक्षमित्र’ने मोठी इमारत किंवा शाखांचे जाळे मागे ठेवले नाही. संस्था मोठी झाली असती, तर कदाचित गाव लहान झाले असते. निसर्गाशी नाते जोडण्याचे उपक्रम आज अनेक आहेत. त्यांतील बरेच माणसाला जंगलात पाहुणा म्हणून नेतात. मेंढ्याने जंगलाचा निर्णय घेणारा माणूस तयार केला, आणि त्याला सोबत करणाऱ्यांनी निर्णयाच्या वेळी गप्प राहण्याचे पथ्य पाळले. या पथ्याची नोंद इतिहासाने ठेवावी, एवढेच म्हणणे आहे.