हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग आणि बालकांच्या भुलीतील औषध-सुरक्षा

स्वस्त औषध आणि सुरक्षित औषध यांतील ओढाताण भूलशास्त्राइतकीच जुनी आहे. तिचा एक महत्त्वाचा अध्याय हैदराबाद संस्थानात घडला. आजचा मराठवाडा त्या काळी याच संस्थानाचा भाग होता.

१८४७ मध्ये एडिंबरोचे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. उष्ण प्रदेशात ते लवकर रुजले, याला कारण होते. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते, दिव्याच्या ज्योतीने पेटते. उन्हाळ्यात तर बाटली उघडताच उडू लागे. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते. रुमालावर थोडे थेंब पुरत, यंत्र लागत नसे.

परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी १५ वर्षांची हॅना ग्रीनर क्लोरोफॉर्मखाली दगावली. आधी हृदय थांबते की श्वास, हा वाद मग अनेक दशके चालला. हैदराबादचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी श्वासाच्या बाजूचे. निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी निजामांनी एक हजार पौंड दिले आणि ‘लॅन्सेट’तर्फे लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा की श्वासावर लक्ष ठेवावे, हृदयाला थेट धोका नाही. यातील पहिला भाग आजही मान्य आहे; दुसरा चुकला. हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्मने हृदयाची लय विस्कटून मृत्यू येतो, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवर दाखवले.

बालकांचा धोका आणखी निराळा होता. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडलेली मुले नंतर उलट्या होऊन, यकृत निकामी होऊन दगावत. लंडनचे लेनर्ड गथ्री यांनी १८९४ मध्ये याकडे लक्ष वेधले. आयोगाच्या टेबलावर हा मृत्यू दिसणारच नव्हता, कारण तो उशिरा येई.

पुढे स्वस्त आणि यंत्राविना देता येणाऱ्या औषधाची जागा केटामीनने घेतली. त्याचा धोका मात्र मोजणीत आहे. १० किलो वजनाच्या मुलाला शिरेतून १० ते २० मिलिग्रॅम लागते. मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या कुपीतून ते जेमतेम ०.२ ते ०.४ मिलिलिटर भरते. दशांशचिन्ह एक घर सरकले की मात्रा दहापट. शिवाय एकच कुपी अनेक मुलांना पुरवली तर पैसे वाचतात, जंतुसंसर्गाचे भय वाढते. रुग्णालयाच्या औषधविभागातच निर्जंतुक रीतीने विरल केलेल्या, नाव व प्रमाण लिहिलेल्या लहान सिरिंज भरून ठेवल्या तर नासाडीही कमी होते, आणि घाईत कोणाला हिशेब करावा लागत नाही.