फोमचा हिशेब कोणी ठेवला?

आग विझली की बातमी संपते. बंब परत जातात, पंचनामा होतो, नुकसानीचा आकडा छापून येतो. जमिनीवर पांढरा फोम पडलेला असतो, तोही दुसऱ्या दिवशी दिसत नाही. त्या फोमचं पुढे काय होतं, हा प्रश्न जगाने फार उशिरा विचारला. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा प्रयोगशाळेच्या आधी कोर्टाच्या कागदांत सापडलं.

मी पाथरीत राहतो. आमच्याकडे विमानतळ नाही, तेलशुद्धीकरण कारखाना नाही. मग मला या फोमशी काय देणंघेणं? आहे. हा उसाचा पट्टा आहे, आणि उसाबरोबर आता इथेनॉल आलं आहे. इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे साधा फोम त्यावर टिकत नाही, फुटतो. त्यासाठी अल्कोहोलला दाद न देणारा खास फोम लागतो. असा फोम फ्लोरिनशिवायही बनवता येतो, पण वर्षानुवर्षं वापरात राहिला तो बहुतेक फ्लोरिनचाच. म्हणजे जिथे मोठ्या टाक्या, तिथे फोमचे कॅन. त्यांत नेमकं काय आहे, हे मात्र आपल्यापैकी कोणी विचारत नाही.

एका जहाजावरची आग

२९ जुलै १९६७. व्हिएतनाम युद्ध चालू होतं. टोंकिनच्या आखातात अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर एक रॉकेट चुकून सुटलं आणि समोरच्या विमानावर आदळलं. इंधन सांडलं, पेटलं, पाठोपाठ बॉम्ब फुटू लागले. १३४ जण मेले. काही जण फोम मारत होते आणि प्रशिक्षण नसलेले दुसरे काही जण समुद्राच्या पाण्याचे फवारे मारून तोच फोम धुऊन टाकत होते.

तेलाच्या आगीवर नुसतं पाणी चालत नाही. पाणी जड, ते खाली जातं. तेल हलकं, ते वर तरंगत जळत राहतं. यावर उपाय अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा आणि ‘थ्रीएम’ ही कंपनी साठच्या दशकात शोधतच होती. त्यातून आला एएफएफएफ. हा फोम तेलाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अत्यंत पातळ पडदा पसरवतो, वाफ दाबून ठेवतो आणि आग काही सेकंदांत खाली बसवतो. फॉरेस्टलनंतर नौदलाने तो सगळीकडे नेला. पुढे विमानतळ, तेलाचे डेपो, शहरांची अग्निशमन दलं, सगळ्यांनी तो घेतला.

त्याने असंख्य जीव वाचवले, हे आधी मान्य करायला हवं. पण तो पडदा ज्या रसायनांमुळे तयार होतो, ती पीफास कुटुंबातली. त्यांच्यात कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध असतो. तो इतका मजबूत की ऊन, पाणी, जिवाणू कोणीच तो सहजी तोडू शकत नाही. जमिनीत मुरलेला फोम विहिरीत उतरतो आणि तिथून माणसाच्या रक्तात. त्यातली काही रसायनं शरीरातून निम्मी बाहेर पडायलाही काही वर्षं लागतात.

गाई मेल्या, मग कागद निघाले

१९७५ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी थ्रीएमला कळवलं होतं की रक्तपेढ्यांतल्या सामान्य माणसांच्या रक्तात फ्लोरिनची संयुगं सापडताहेत. बाहेरच्या जगाला याचा अर्थ कळायला पंचवीस वर्षं गेली.

तो कळला एका शेतकऱ्यामुळे. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ विल्बर टेनंट यांच्या गाई एकामागून एक मरत होत्या. शेजारी ‘ड्युपाँट’ कंपनीचा कचरा टाकण्याचा डेपो होता, आणि तिथून येणारा ओढा गाई पीत होत्या. टेनंट यांनी मेलेल्या जनावरांचे, ओढ्यावरच्या फेसाचे व्हिडिओ काढून ठेवले. स्थानिक वकील उभे करेनात. अखेर रॉब बिलॉट या वकिलाने १९९९ मध्ये दावा लावला आणि कोर्टामार्फत कंपनीकडून एक लाखाहून जास्त पानं मिळवली. त्या पानांत पीएफओए हे नाव होतं. कंपनीला त्याचे धोके बरेच आधी ठाऊक होते, हेही त्यात होतं.

हा दावा फोमचा नव्हता, टेफ्लॉन बनवताना वापरलेल्या रसायनाचा होता. पण फोमचे सगळे दावे त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. कारण रसायनामुळे आजार झाल्याचा दावा नेहमी एकाच जागी अडतो. ‘तुम्हाला झालेला कर्करोग आमच्याच रसायनाने झाला, हे सिद्ध करा.’ तंबाखू होती का? वडिलांना होता का? एकट्या रुग्णाला हे सिद्ध करणं जवळपास अशक्य.

२००४ च्या तडजोडीत यावर एक वाट निघाली. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या तीन शास्त्रज्ञांची समिती बसवायची, लोकांचं रक्त तपासायचं, आणि समितीने एखाद्या आजाराशी संबंध ‘संभवनीय’ ठरवला तर त्या आजारावर कंपनीने ‘हे रसायन असं करूच शकत नाही’ असा वाद घालायचा नाही. रक्त देणाऱ्याला पैसे मिळायचे. जवळपास ६९,००० लोकांनी रक्त आणि माहिती दिली. समितीने सहा आजारांशी संबंध सांगितला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे आजार, अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. २०१७ मध्ये सुमारे ३,५५० दावे ६७.१ कोटी डॉलरवर मिटले.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पैशांचा आकडा नाही. एका गावखेड्याच्या भागात हजारो माणसांच्या रक्ताची नोंद झाली, हे महत्त्वाचं. ती नोंद नसती तर त्या ३,५५० जणांकडे डॉक्टरची चिठ्ठी सोडून काहीच नव्हतं.

आधी पाणी, मग जमीन, शेवटी माणूस

फोमचे दावे अमेरिकेत इतके झाले की डिसेंबर २०१८ मध्ये ते सगळे दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या एका न्यायाधीशांपुढे एकत्र केले गेले. सगळ्यात आधी मार्गी लागले ते पाणीपुरवठा संस्थांचे दावे. २०२३ मध्ये थ्रीएमने किमान १०.३ अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, ड्युपाँट आणि तिच्यातून निघालेल्या कंपन्यांनी १.१८५ अब्ज. हे पैसे पाणी गाळण्यासाठी आहेत. अग्निशमन जवानांचे, लष्करी तळांजवळ राहणाऱ्यांचे आजारांचे दावे रांगेत त्यांच्या मागे राहिले.

ऑस्ट्रेलियातही तेच. विल्यमटाउन, ओकी आणि कॅथरीन या लष्करी तळांजवळच्या लोकांना २०२० मध्ये सरकारने २१.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दिले. पण ते जमिनीची किंमत पडली म्हणून. शरीराचा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच. पाण्यातलं रसायन मोजता येतं, जमिनीचा भाव काढता येतो. वीस वर्षांपूर्वी कुठल्या सरावात किती फोम अंगावर उडाला, हे कोण सांगणार?

विज्ञान मात्र थांबलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं कामच माणसात कर्करोग घडवणारं म्हणून नोंदवलं, आणि २०२३ मध्ये पीएफओएला त्याच पहिल्या गटात टाकलं.

इटलीहून लोट्याला

हे सगळं लांबचं वाटत असेल तर नकाशावर रत्नागिरी जिल्हा काढा. खेड तालुक्यात लोटे-परशुराम ही रासायनिक वसाहत आहे.

इटलीच्या विचेंझा प्रांतात त्रिसिनो गावी ‘मितेनी’ नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता. २०१३ मध्ये तिथल्या पाण्यात ही रसायनं असल्याचं उघड झालं. सुमारे साडेतीन लाख लोकांचं पाणी बाधित झालं होतं. सरकारने लोकांचं रक्त तपासायला घेतलं, आणि मुलांचे रिपोर्ट हातात आल्यावर आया रस्त्यावर उतरल्या. २०१८ मध्ये मितेनी दिवाळखोर झाली. मे २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयाने मितेनीतल्या एका मृत कामगाराचा कर्करोग कामातून झालेला मानला. २६ जून २०२५ रोजी तिथल्याच फौजदारी न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. सगळ्यांची शिक्षा मिळून १४१ वर्षं. निकाल पहिल्या पायरीवरचा आहे, त्यावर अपील होऊ शकतं.

दरम्यान मितेनीची यंत्रसामग्री लिलावात मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीजच्या समूहाने २०१९ मध्ये घेतली, आणि ती लोट्याला आली. इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. यंत्र विकत घेणं हा गुन्हा नाही, फ्लोरिनची रसायनं औषधांना आणि शेतीलाही लागतात, आणि इटलीतला निकाल तिथल्या अधिकाऱ्यांबद्दल आहे. लोट्यात कोणाला काही झालं, असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या वाशिष्ठीकाठच्या एखाद्या माणसाला दावा लावायची वेळ आली, तर त्याच्याकडे आजचं काय असेल? त्रिसिनोच्या आयांकडे मुलांच्या रक्ताचे आकडे होते.

आपला कायदा आणि त्यातली फट

भारताचा कायदा कागदावर दुबळा नाही. भोपाळनंतर वर्षभरात, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीत श्रीराम कारखान्यातून वायू सुटला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे; ‘आम्ही पूर्ण काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात भरपाई मागायची सोय आहे, आणि त्याचं एक खंडपीठ पुण्यात बसतं. २०१५ मध्ये याच न्यायाधिकरणाने उरण-पनवेल भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना जेएनपीटीच्या कामामुळे झालेल्या नुकसानीपोटी ९५ कोटींहून जास्त भरपाई द्यायला सांगितली होती. म्हणजे कोळीवाड्यातला माणूसही इथपर्यंत पोहोचू शकतो.

पण त्याच कायद्यात भरपाईसाठी मुदत आहे: कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षं, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस. खाडी बुजवली ते डोळ्यांना दिसतं. फोममधलं रसायन शरीरात वीस वर्षं गप्प राहू शकतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, पीफासची मर्यादाच नाही, म्हणून नेहमीच्या तपासणीत कोणी ते शोधत नाही. फोममधलं मुख्य रसायन पीएफओएस २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आलं. २०२० मध्ये भारताने त्या करारातली आणखी सात रसायनं मंजूर केली, त्यांत ते नव्हतं. शोधायचं नाही, मग सापडणार नाही, मग सिद्ध होणार नाही.

मग पाथरीत बसून काय करायचं?

दाव्याला पुरावा लागतो, हे आमच्या गावाला कोणी शिकवायची गरज नाही. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थळावरून पाथरी आणि शिर्डी समोरासमोर आली, शिर्डी बंद झाली, तेव्हा चौकाचौकात जुन्या कागदांचीच चर्चा होती. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची नोंद मागे शोधत जाणं किती अवघड, हे आम्ही पाहिलं आहे. फोमची नोंद अजून आजची आहे. ती शोधायची नाही, फक्त ठेवायची आहे.

तुमच्या तालुक्यात डेपो असेल, आसवनी असेल, नगरपरिषदेचा बंब असेल, तर माहिती अधिकारात चार साधे प्रश्न विचारता येतात. फोमच्या कॅनवर कोणतं नाव आहे आणि त्यात फ्लोरिन आहे का? मॉक ड्रिल कुठे होते, आणि त्याचं पाणी कुठे जातं? मुदत संपलेला फोम कुठे टाकला? जवानांची आरोग्य तपासणी होते का, आणि तिचे कागद किती वर्षं ठेवतात? उत्तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं आलं, तरी त्यावर तारीख आणि शिक्का असतो. तोही जपून ठेवा.

टेनंट यांनी ओढ्याकाठी कॅमेरा धरला तेव्हा त्यांना पीएफओए हा शब्दही माहीत नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं की पाण्यावर फेस आहे आणि गाई मरताहेत. बाकीचं सगळं त्या व्हिडिओंनंतर आलं.